कसब आणि करार



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही स्नेह्यांनी विचारले, ‘तुम्ही कामगार संघटनेतले, तुमचा आणि बास्केटबॉलचा संबंध काय?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही हा खेळ कधी खेळलो नाही, आणि आमची उंचीही बेताचीच. परंतु ज्याला आपल्या अंगचे कसब विकून पोट भरावे लागते, आणि ज्याच्या कामाची जागा, वेळ व मोबदला दुसरा कोणी ठरवतो, त्याला आम्ही कामगार म्हणतो. त्याच्या हातात धोटा असो की चेंडू. आशियातले बास्केटबॉलपटू गेली पंचवीस वर्षे अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, जपानात जाऊन आपले कसब वाढवीत आहेत. वर्तमानपत्रे त्यांची उंची आणि त्यांचे गुण मोजतात. आम्ही त्यांचे करार मोजू पाहतो. त्यातून दिसते ते आपल्यापुढे ठेवायचे आहे.

प्रथम त्या कारखान्याची ओळख करून घेऊ. अमेरिकेतली एनबीए ही या खेळातली सर्वांत बलाढ्य लीग. तिच्यात संघ तीस. प्रत्येक संघात पक्क्या कराराचे खेळाडू फार तर पंधरा. म्हणजे साऱ्या जगाच्या मिळून पक्क्या जागा अवघ्या ४५०! नव्या खेळाडूंची दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नावाची निवड होते. संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात. मालक खेळाडूला निवडतो, खेळाडू मालकाला नाही.

पक्क्या जागांखेरीज २०१७ पासून आणखी एक प्रकार निघाला आहे, ‘टू-वे’ म्हणजे दुहेरी करार. हा खेळाडू धाकट्या लीगमध्ये खेळतो आणि मोठ्या संघाला गरज पडली की बोलावला जातो. वेतन ठरते ते नवशिक्याच्या किमान वेतनाच्या निम्मे. मुंबईच्या गिरणगावातल्या वडीलधाऱ्या मंडळींना हे निराळे समजावून सांगायला नको. सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कायमचा माणूस गैरहजर असला तर काम, नाहीतर घरची वाट. हा बदली कामगार त्यांनी पाहिला आहे. अमेरिकेतल्या बदलीला पगार चांगला मिळतो, हे खरे. पण बदली ती बदलीच.

तरीसुद्धा त्या लीगमध्ये किमान वेतन आहे, निवृत्तिवेतन आहे, दुखापतीत सांभाळ आहे. हे सारे मालकांच्या दयाबुद्धीने मिळालेले नाही. बॉब कूझी या नामांकित खेळाडूने १९५४ साली खेळाडूंची संघटना उभी केली. १९६४ साली बोस्टनला निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना दूरचित्रवाणीवर दिसायचा होता. खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत बसून राहिले. निवृत्तिवेतनाचे आश्वासन मिळाल्याखेरीज मैदानात उतरणार नाही, म्हणाले. आश्वासन मिळाले आणि मग सामना झाला. पुढे १९७० साली ऑस्कर रॉबर्टसन याने कोर्टात दावा लावला. करार संपला तरी खेळाडू जुन्याच मालकाच्या दावणीला, ही रीत त्या दाव्याच्या १९७६ सालच्या तडजोडीने ढिली झाली. आज आशियातला मुलगा तिथे सही करतो तेव्हा या जुन्या माणसांच्या कमाईवर तो उभा असतो.

आता चीनकडे वळू. चीनमध्ये खेळाडूला लहानपणापासून सरकार घडवते, आणि म्हणून त्याच्यावर हक्कही सांगते. वांग झीझी हा सैन्याच्या बायी संघाचा खेळाडू. १९९९ साली अमेरिकेतल्या डॅलस संघाने त्याला निवडले. जायची परवानगी मिळायला दोन वर्षे लागली. २००१ च्या एप्रिलमध्ये तो एनबीएत खेळणारा पहिला चिनी ठरला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संघाच्या सरावाला ये, असे बोलावणे आले. तिथे राहून खेळ सुधारावा म्हणून तो गेला नाही. त्याला राष्ट्रीय संघातून काढले. २००६ साली तो परतला, त्याने जाहीर माफी मागितली, तेव्हा दार उघडले. चार वर्षे एक माणूस दोन देशांच्या मध्ये लोंबकळत राहिला.

याओ मिंग त्याच्यानंतर गेला. साडेसात फूट उंचीचा हा शांघायचा खेळाडू, आईबाप दोघेही बास्केटबॉल खेळलेले. २००२ साली ह्यूस्टनने त्याला साऱ्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला. चिनी संघटनेने सोडताना अट घातली, की राष्ट्रीय संघासाठी बोलावले की यायचे. याओने ती निष्ठेने पाळली. हिवाळाभर अमेरिकेत, उन्हाळ्यात देशासाठी; विश्रांतीचा हंगामच उरला नाही. २००८ च्या आरंभी डाव्या पायाचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि ऑगस्टमध्ये बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये तो पुन्हा मैदानावर होता. पुढच्या वर्षी तोच पाय पुन्हा गेला. २००९-१० चा सबंध हंगाम वाया गेला, त्यापुढल्या हंगामात जेमतेम पाच सामने झाले, आणि २०११ साली, तिशी उलटते न उलटते तोच, निवृत्ती. एवढ्या प्रचंड देहाचे पाय आधीच नाजूक असतात, हे खरे. पण ज्या यंत्राला कधी थंड होऊ देत नाहीत ते लवकर मोडते, हे कोणताही फिटर सांगेल. देशाने त्याच्याकडून सेवा घेतली याबद्दल तक्रार नाही. त्याच्या विश्रांतीचा हिशेब करारात कोणी लिहिला नाही, ही तक्रार आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच उघडी आहे. चीनची झेंग हायशिया १९९७ साली, अमेरिकेतल्या स्त्रियांच्या लीगच्या पहिल्याच वर्षी, लॉस एंजेलिसकडून खेळली. ही लीग उन्हाळ्यात भरते, आशियातल्या लीग हिवाळ्यात. कोरियाची पार्क जी-सू २०१८ साली लास व्हेगासला गेली ती अशी दुहेरी हंगामाची वाट धरून. याला आमच्याकडे दोन पाळ्या करणे म्हणतात.

इराणच्या हामेद हद्दादीची अडचण निराळीच. अहवाजचा हा उंच खेळाडू २००८ च्या ऑलिंपिकमध्ये चमकला आणि मेम्फिस संघाला हवासा झाला. परंतु अमेरिकेचे इराणवर आर्थिक निर्बंध होते. इराणी माणसाशी व्यवहार करणे तिथल्या कायद्याने गुन्हा. अखेर अमेरिकेच्या अर्थखात्याकडून परवाना मिळाला तेव्हा सही झाली. तेल विकावे की बॉम्ब करावा यातले त्या मुलाने काय ठरवले होते? पण राज्यकर्त्यांच्या भांडणाची किंमत कष्टकऱ्याच्या करारावर लिहिली जाते. पाच वर्षांनी तो आशियात परतला, चीनमध्ये खेळला, आणि २०१६ साली सिचुआनच्या संघाला त्याने चिनी लीग जिंकून दिली. एनबीएत राखीव बाकावर बसणारा माणूस आशियात पहिल्या दर्जाचा कारागीर ठरला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परतून यायला जागा असणे किती महत्त्वाचे, हे जपानने दाखवले. २००४ साली युटा ताबुसे हा एनबीएत खेळणारा पहिला जपानी. उंची आपल्यासारखीच, पाच फूट नऊ इंच. चार सामने खेळला आणि संघाने सोडून दिला. त्या काळी जपानात घरच्या घरी भांडण होते. दोन प्रतिस्पर्धी लीग चालत होत्या. २०१४ साली जागतिक संघटनेने जपानला निलंबितच केले. मग फुटबॉलची लीग उभी करणाऱ्या साबुरो कावाबुची यांना बोलावून घडी बसवली आणि २०१६ साली एकच ‘बी लीग’ सुरू झाली.

युटा वातानाबे या दुसऱ्या युटाची चाल पाहा. २०१३ साली अमेरिकेतल्या शाळेत, मग जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठात चार वर्षे. २०१८ साली ड्राफ्टमध्ये त्याला कोणी निवडले नाही. मेम्फिसचा दुहेरी करार, म्हणजे बदली, पत्करली. टोरांटोत तीच बदली केली आणि २०२१ साली पक्का झाला. २०२४ साली मायदेशी चिबाच्या संघात आला, तो हरून नव्हे, मानाने. रुई हाचिमुरा, आई जपानी आणि वडील बेनिन देशाचे, २०१९ साली ड्राफ्टमध्ये नववा निवडला गेला. आणि पाच फूट आठ इंचांचा युकी कावामुरा आधी बी लीगमध्येच घडला, तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि मग २०२४ साली मेम्फिसला गेला. त्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये जपानने यजमान फ्रान्सला जादा वेळेपर्यंत झुंजवले. ९४-९० असा निसटता पराभव झाला, त्यात कावामुराचे गुण २९. परदेशची शिकवण आणि घरचा कारखाना दोन्ही हातांना काम मिळाले, त्याचे हे फळ.

फिलिपिन्समध्ये बास्केटबॉल गल्लोगल्ली आहे. १९७५ साली निघालेली त्यांची पीबीए ही आशियातली पहिली व्यावसायिक लीग. २०२० साली जपानच्या बी लीगने आशियाई खेळाडूंसाठी प्रत्येक संघात वेगळी जागा काढली, आणि थर्डी रावेना हा तरुण पीबीएत न जाता थेट जपानला गेला. पुढच्या वर्षी त्याचा थोरला भाऊ कीफर यालाही जपानी संघाने बोलावले. पण त्याचा घरच्या संघाशी करार चालू होता. लीगने अडवले, वाटाघाटी झाल्या, एका हंगामाची परवानगी मिळाली. २०२२ पासून कोरियाची दारेही फिलिपिनो खेळाडूंना उघडली. मॅनिलात ओरड झाली, की आमची मुले पळवली!

या ओरडीत तथ्य किती? जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना मायदेशाच्या संघटनेचा मोकळीक-दाखला लागतो. करार शिल्लक असेल तर तो अडवता येतो. केलेला करार पाळावा, हे आम्हीही मानतो. करार मोडण्याची मुभा मालकाला नको असेल तर ती कामगारालाही मागता येत नाही. पण करार संपल्यावर दाखला म्हणजे बेडी होता कामा नये. दुसरीकडे चांगला मोबदला मिळतो म्हणून माणूस जात असेल, तर त्याला कोंडण्याऐवजी घरचा मोबदला वाढवावा, हा सरळ न्याय आहे. रत्नागिरीचा माणूस मुंबईला गेला तो रत्नागिरीवर रुसून नव्हे.

शेवटी आपल्या घरी येऊ. पंजाबातल्या बल्लोके गावच्या शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग लुधियानाच्या अकादमीत शिकला. २०१० साली, चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला. भाषा येत नाही, घर सात समुद्रांपलीकडे. २०१५ साली डॅलसने त्याला ५२ वा निवडले. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. देशभर पेढे वाटले गेले. परंतु निवड म्हणजे नोकरी नव्हे. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला पक्क्या कराराची हमी नसते. वातानाबेसारखी कॉलेजची चार वर्षे सतनामला मिळाली नव्हती. धाकट्या लीगमध्ये दोन हंगाम काढले, एनबीएचा एकही सामना वाट्याला आला नाही. पुढे कॅनडात खेळला. २०२० साली उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणी दोन वर्षांची बंदी आली, आणि २०२१ साली तो अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीकडे वळला. कोणी म्हणेल, मुलगाच कमी पडला. आम्ही विचारतो, तो परतला असता तर कुठे? २०१५ साली निघालेली यूबीए लीग दोन-तीन वर्षांत थांबली होती.

आपला बास्केटबॉलपटू जगला तो रेल्वे, सेनादले, ओएनजीसी, बँका यांच्या नोकरीवर. ही नोकरी आम्ही तुच्छ लेखत नाही. महिन्याचा पगार आणि म्हातारपणाची सोय देणाऱ्या नोकरीची किंमत आमच्याइतकी कोणाला ठाऊक? अमृतपाल सिंग २०१७ साली सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळला. अशी वाट आणखी मुलांना धरता यावी. पण वय वाढत असते, घरी म्हातारे आईबाप असतात, आणि हातची नोकरी सोडून एका हंगामाच्या करारावर परदेशी जायचे धाडस सर्वांना होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नोकरीवर असलेल्या खेळाडूला परदेशी खेळायला बिनपगारी रजा द्यावी आणि त्याची सेवाज्येष्ठता राखावी. अल्पवयीन मुलाला पाठवायचे तर त्याच्या शिक्षणाची जबाबदारी करारात लिहावी आणि तो करार आईबापांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा. राष्ट्रीय संघाने बोलवावे, पण वर्षातली विश्रांती ठरवून द्यावी. घरी एक लीग असावी, लहान का होईना, वेळेवर पगार देणारी. आणि या साऱ्यावर लक्ष ठेवायला खेळाडूंची स्वतःची संघटना असावी. कारण एजंट हा कितीही भला असला तरी तो आपल्या टक्केवारीवर जगतो, जसा गिरणीतला मुकादम दस्तुरीवर जगे.

आपल्या या गावात संध्याकाळी शाळेच्या मैदानावर मुले-मुली चेंडू उडवताना दिसतात. त्यांच्यापैकी एखादे उद्या परदेशी जाईल. त्याने जावे, शिकावे, नाव मिळवावे. त्या वेळी हार घालायला आपण सगळे स्टेशनवर जाऊच. पण हार घालण्याआधी त्याच्या खिशातला करार कोणी नीट वाचला आहे का, एवढे विचारावे, ही आमची विनंती.