सामूहिक निवासातील रोधक त्वचासंसर्ग



छळ किंवा युद्ध यांमुळे स्वदेश सोडून परदेशात संरक्षणासाठी अर्ज केलेल्या, परंतु ज्याच्या अर्जाचा निर्णय अद्याप लागलेला नाही अशा माणसाला आश्रयार्थी म्हणतात. निर्णय लागेपर्यंत त्याचा मुक्काम बहुधा सामूहिक निवासात असतो, आणि तेथील त्वचासंसर्ग प्रतिजैविकांना दाद देईनासे होण्याचा प्रश्न औषधशास्त्राइतकाच निवासव्यवस्थेचाही आहे, हे या परिषदेपुढील प्रतिपादन आहे.

२०१८ मध्ये ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस’ या नियतकालिकात युरोपातील निरीक्षणांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार रोधक जंतूंचे, म्हणजे प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंचे, प्रमाण निर्वासित व आश्रयार्थी यांच्यात ३३ टक्के, तर इतर स्थलांतरितांत ६.६ टक्के होते. मात्र स्थलांतरितांकडून यजमान समाजात या जंतूंचा मोठा प्रसार झाल्याचा पुरावा आढळला नाही. म्हणून या आकड्यांवरून माणसांना दोष देण्याऐवजी त्यांचा प्रवास आणि मुक्काम यांची परिस्थिती तपासणे शास्त्राला धरून आहे.

या परिस्थितीत संसर्गाची सुरुवात पुष्कळदा खरजेने होते. खरजेचा सूक्ष्म किडा त्वचेत बीळ करतो, खाजवून त्वचा सोलवटते आणि त्या वाटेने स्ट्रेप्टोकॉकस व स्टॅफिलोकॉकस हे जंतू आत शिरतात. यांपैकी दुसऱ्याचा ‘एमआरएसए’ हा प्रकार १९६१ मध्ये ब्रिटनमध्ये प्रथम नोंदला गेला. ज्या प्रथिनाला चिकटून पेनिसिलिनवर्गीय औषधे जंतूला मारतात, त्याच्या जागी औषध सहज चिकटू न शकणारे प्रथिन तो तयार करतो, आणि त्यामुळे ती औषधे निष्प्रभ ठरतात.

त्वचेच्या जखमांचा धोका या जंतूंपुरता मर्यादित नाही. २०२२ मध्ये युरोपात, प्रामुख्याने नव्याने आलेल्या तरुण स्थलांतरितांत, घटसर्पाचे साडेतीनशेहून अधिक रुग्ण आढळले, आणि बहुसंख्यांत तो घशाऐवजी त्वचेवरील जखमांत होता. त्याच वर्षी ब्रिटनच्या केंट परगण्यातील मॅन्स्टन केंद्रात, जे १,६०० माणसांच्या अल्पकालीन मुक्कामासाठी उभारले होते, ऑक्टोबरअखेर सुमारे ४,००० माणसे कोंबली गेली होती. नवागतांना घटसर्पाची लस आणि अॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक देण्याची शिफारस आरोग्ययंत्रणेने केली. साथ रोखण्यासाठी ती समर्थनीय होती, परंतु युरोपातील काही रुग्णांतील जंतू अॅझिथ्रोमायसिनच्याच गटातील एरिथ्रोमायसिनला रोधक निघाल्याने, सरसकट औषधवाटपाची मर्यादाही तेव्हाच उघड झाली.

यावरून नियंत्रणाचा क्रम ठरतो. गळवातील पू चीर देऊन काढावा आणि तो जंतुसंवर्धनासाठी, म्हणजे जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध लागू पडते हे पाहण्यासाठी, प्रयोगशाळेत पाठवावा. खरजेवर खोलीतील सर्वांना, लक्षणे नसली तरी, एकाच दिवशी पर्मेथ्रिनचे मलम लावून आठवड्याने ते पुन्हा लावावे, आणि त्याच दिवशी कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. या दोन मात्रांच्या मध्येच कोणाची बदली झाली, तर उपचार अपुरा राहतो आणि किडा नव्या खोलीत पोहोचतो. त्यामुळे बदलीच्या आदेशासोबत उपचाराची नोंद जाणे आवश्यक आहे. आजार उघड केल्यास अर्जाला बाधा येईल ही भीतीही रुग्णाला लपवाछपवीकडे ढकलते, म्हणून वैद्यकीय नोंदी आश्रयाच्या निर्णयप्रक्रियेपासून अलग ठेवल्या पाहिजेत आणि हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले पाहिजे.

पुरेशी जागा, गरम पाणी, धुलाईची सोय आणि रुग्णासोबत जाणारी नोंद यांना निवासाच्या परवान्याची अट करावी, असा ठराव या परिषदेने संमत करून संबंधित शासनांकडे पाठवावा, असे अध्यक्षपदावरून आवाहन करण्यात येत आहे.