फोटोवर नको, निरोपावर विश्वास

जव्हारकडच्या आपल्या बचतगटातल्या बाया आता वारली चित्रं वेबसाइटवर विकणार आहेत, म्हणून वेब सर्व्हिसविषयी थोडं बोलतो. नाव जड, काम साधं: एक संगणक दुसऱ्याला विचारतो, दुसरा उत्तर देतो. गिऱ्हाइकानं सहा आकडी पिनकोड टाकला की आपली साइट कुरिअरच्या संगणकाला विचारते, तिथं पोहोचवाल का आणि किती घ्याल?

खरी गोम पैशांत आहे. 'पैसे पाठवले' म्हणून गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो धाडतं. तसा फोटो कुणालाही बनवता येतो. पेमेंट गेटवे मात्र पैसे भरल्याचा निरोप थेट आपल्या सर्व्हरला देतो, सोबत सांकेतिक सही असते. ती आपल्याकडच्या गुप्त किल्लीशी जुळली, रक्कमही बरोबर निघाली, तरच चित्र पाठवायचं. मोठ्या चित्रापुढे बाई आठ-आठ दिवस बसते हो! एकच निरोप कधी दोनदा येतो, तेव्हा ऑर्डर क्रमांक पाहायचा. नाहीतर पार्सलं दोन जातील. आणि ती किल्ली व्हॉट्सॲपवर कुणालाही द्यायची नाही, मी मागितली तरी नाही.

दुकान उघडण्याआधी गेटवेच्या चाचणी सोयीत, खरे पैसे न लावता, हे सगळं करून बघू. फसलेलं पेमेंटसुद्धा.