हिशेबाची सनद
(स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही केवळ मॅट्रिक. लेखाशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय! तथापि स्वतःची एक चूक सांगावयाची आहे.

वर्ध्यास १९४० पासून गोविंदराम सेक्सरिया वाणिज्य महाविद्यालय आहे. सनदी लेखापालांची संस्था १९४९ च्या कायद्याने स्थापन झाली. असे असता, आमचा एक हुशार विद्यार्थी सनदेच्या परीक्षेत एकदा अनुत्तीर्ण होताच, 'आता नोकरीस लावा,' असा सल्ला त्याच्या वडिलांस आम्हीच दिला. या परीक्षेत पहिल्या खेपेस अपयश येणे नित्याचेच, हे आम्हांस कोठे ठाऊक! आज तो एका जिनात हिशेब लिहितो. तपासून सही दुसरा करतो.

बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा देता येते. पूर्वी तीन वर्षांची असलेली उमेदवारी २०२३ पासून दोन वर्षांची झाली असून तीत विद्यावेतनही मिळते.

त्याची कन्या यंदा बारावीस आहे. आम्ही उद्याच त्याच्या घरी जाणार आहोत.