माशी आणि छिद्र

पावसाच्या सरीने दुर्बिणीची काच धुरकटते, आघाताने ती फुटते, किंवा तिच्यातील विजेरी ऐन वेळी दगा देते. अशा प्रसंगी सैनिकाला आधार उरतो तो रायफलीवरील साध्या लोखंडी दर्शकांचा. पुढे माशी, मागे एक छिद्र. हे छिद्र केवढे असावे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; परंतु त्याच्या उत्तरावर कित्येकदा जीव अवलंबून असतो.

पहिल्या महायुद्धातील ली-एनफील्ड रायफलीला नळीवर उघडी खाच होती. खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसणे मानवी डोळ्याला अशक्य. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या, त्याच कुळातील चौथ्या क्रमांकाच्या रायफलीत खाच गेली आणि डोळ्याजवळ छिद्र आले. छिद्राकडे पाहावयाचे नसते, त्यातून पाहावयाचे असते. माशी वर्तुळाच्या मध्यावर आणण्याचे काम डोळा आपोआप करतो. शिवाय पुढच्या-मागच्या दर्शकांतील अंतर वाढल्याने नेमातील चूकही घटते.

आता आकाराचा विचार. डोळ्याची बाहुली लख्ख उन्हात सुमारे २ मिलिमीटर असते, तर अंधारात तरुण माणसाची ७ मिलिमीटरपर्यंत विस्फारते. बाहुलीहून लहान छिद्रातून पाहिले, की माशी आणि लक्ष्य दोन्ही रेखीव दिसतात. पण प्रकाश अडतो. तिन्हीसांजेला तेच छिद्र शत्रूसारखे आडवे येते. मोठ्या छिद्राने रेखीवपणा उणावतो, मात्र आजूबाजूचा प्रदेश दिसत राहतो आणि नेम चटकन साधतो.

ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफलच्या नेमबाजाला अंतर ठाऊक असते, लक्ष्य स्थिर असते. २०२४ साली पॅरिस येथे कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले, ते याच प्रकारात. तेथे छिद्र लहान-मोठे करीत प्रकाशाशी जुळवून घेण्यास सवड असते. रणांगणावर ती कोठून मिळणार? म्हणूनच १९८० नंतरच्या दशकात आलेल्या अमेरिकन एम-१६ ए-२ रायफलीत दोन छिद्रांचे उलटते पाते बसविले गेले : मोठे २०० मीटरपर्यंतच्या आणि मंद प्रकाशातील नेमासाठी, लहान त्यापुढच्या अंतरासाठी.

संकट सांगून येत नाही. ते बहुधा जवळून आणि अपुऱ्या उजेडात येते. म्हणून मोठे छिद्र उभे ठेवावे, आणि अंतर व उसंत दोन्ही लाभली तरच लहान छिद्राकडे वळावे. मात्र दोन्ही छिद्रांतून गोळी कोठे लागते, याची पारख सरावाच्या मैदानावर आधीच झालेली असली पाहिजे.