संगणक आणि सार्वजनिक ठेव
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आम्हां शिक्षकांच्या वतीने दोन शब्द बोलण्याचे काम विश्वस्तांनी आमच्यावर सोपवले, याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहोत. येत्या वर्षी येथे बेळगावात विद्यार्थ्यांसाठी संगणककक्ष उघडण्याचे ट्रस्टने ठरवले आहे. यंत्रे किती व कोणती घ्यावीत, याचा विचार कार्यकारी मंडळ करीलच. परंतु त्या यंत्रांत कोणते सॉफ्टवेअर असावे, हा प्रश्न नुसत्या खरेदीचा नसून आपल्या संस्थेच्या तत्त्वाचा आहे, असे आम्हांस वाटते. तेवढी एकच गोष्ट आज आपल्यापुढे मांडावयाची आहे.

संगणक चालतो तो सॉफ्टवेअरच्या, म्हणजे लिहून ठेवलेल्या सूचनांच्या, बळावर. या सूचना माणूस ज्या रूपात लिहितो व वाचू शकतो, त्यास आपण मूळ संहिता म्हणू. विकत मिळणाऱ्या बहुतेक सॉफ्टवेअरची मूळ संहिता ग्राहकास मिळत नाही. त्यास केवळ वापरण्याची परवानगी मिळते. घर भाड्याने मिळावे, पण भिंतीत खिळा ठोकण्याची मुभा नसावी, तसा हा प्रकार आहे.

पूर्वी असे नव्हते. अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन नावाचे गृहस्थ काम करीत असत. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला, की वाट पाहणाऱ्या सर्वांना तशी सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये केली होती. १९८० च्या सुमारास नवे यंत्र आले. कागद त्यातही अडके. पण त्याची संहिता कोणी देईना. ज्याच्यापाशी ती होती, त्याने गुप्ततेचे वचन दिलेले होते. शेजाऱ्यास मदत करणे हाच गुन्हा ठरावा, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनाला लागली. १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. पुढे १९९१ मध्ये हेलसिंकी येथील लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ हा प्रणालीचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. आज आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतात. ‘ओपन सोर्स’ हे नाव या चळवळीस १९९८ पासून मिळाले.

या चळवळीचे सार चार हक्कांत आहे: सॉफ्टवेअर हव्या त्या कामासाठी चालवावे, उघडून अभ्यासावे, दुसऱ्यास द्यावे आणि सुधारून पुन्हा वाटावे. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोहोंस एकच शब्द असल्याने तेथे घोटाळा होतो. आपल्या भाषेत हे शब्द निराळे आहेत, तेव्हा आपण तरी घोटाळा करू नये. मुक्त सॉफ्टवेअर पुष्कळदा फुकट मिळते, परंतु त्याचे मोल त्या हक्कांत आहे.

लिनक्सच्या परवान्यात आणखी एक अट आहे. ज्याने त्यात सुधारणा करून ते पुढे दिले, त्याने तेच हक्क पुढच्यासही दिले पाहिजेत. सर्वच मुक्त परवान्यांत ही अट नसते. परंतु जेथे ती असते, तेथे ते दान पुन्हा कोणाच्या खाजगी तिजोरीत जाऊ शकत नाही. ही कल्पना आपणांस परकी वाटण्याचे कारण नाही. वक्फ केलेली मिळकत विकता येत नाही, वारसांत वाटता येत नाही. मूळ कायम राहते आणि लाभ लोकांस मिळतो. देवस्थानची इनामे आणि आपला हा ट्रस्ट यांच्या मुळाशी तोच विचार आहे. फरक एवढाच, की अन्नछत्रातील अन्न वाटल्याने संपते आणि सॉफ्टवेअर, विद्येप्रमाणे, दिल्याने उणे होत नाही.

याचा आपल्या मुलांशी संबंध काय? पहिली गोष्ट भाषेची. आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, कानडी आणि उर्दू शिकणारी मुले आहेत. त्यांच्या लिप्यांच्या बारकाव्यांतून नफा निघेलच, असे नाही. मराठीतील ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. ‘दुसऱ्या’मधील अर्धा ‘र’ हिंदीत नाही. ‘ॲ’ या अक्षरास तर युनिकोडच्या तक्त्यात स्वतंत्र स्थान मिळावयास २००८ साल उजाडले. अशा ठिकाणी खुली संहिता आणि खुले प्रमाण उपयोगी पडते, कारण ज्याला उणीव बोचते, तो स्वतः ती दुरुस्त करू शकतो. देवनागरी व कानडीसाठी ‘लोहित’, मुंबईच्या अक्षरकारांचा ‘मुक्त’ आणि उर्दूचा नोटो नस्तालिक, हे टंक आज कोणासही मोकळे आहेत. उलट, युनिकोडपूर्वीच्या खाजगी टंकांत ठेवलेले जुने मराठी कागद तो टंक हाती नसला, की निरर्थक चिन्हांची रांग होऊन दिसतात.

दुसरी गोष्ट सचोटीची. महागडे सॉफ्टवेअर घेणे परवडत नाही, म्हणून चोरीची प्रत यंत्रात घालण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. सकाळी प्रामाणिकपणाचा पाठ द्यावयाचा आणि दुपारी चोरीच्या प्रतीवर मुलांचा हात बसवावयाचा, हे शाळेला शोभत नाही; धर्मादाय संस्थेला तर मुळीच नाही. गरिबाला चोरी न करता शिकण्याचा मार्ग मुक्त सॉफ्टवेअरने खुला केला आहे.

कोणी म्हणतील, हे सारे बोलावयास ठीक, पण चालेल काय? केरळात ते चालले आहे. तेथे २००१ मध्ये ‘आय.टी. ॲट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढील काही वर्षांत सरकारी शाळांतील संगणकशिक्षण मुक्त प्रणालीवर आणले गेले. मात्र नुसती प्रणाली बदलून ते साधले नाही; शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले आणि पाठ्यपुस्तके त्या प्रणालीस अनुसरून लिहिली गेली. नोकरीच्या ठिकाणी दुसरे सॉफ्टवेअर असेल, ही पालकांची शंका रास्त आहे. परंतु हिशेबाचा तक्ता कसा मांडावा, हे ज्याला समजले, त्याला नव्या यंत्रावर रुळावयास फार दिवस लागत नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२४ च्या मार्च महिन्यात ‘एक्स-झेड’ नावाच्या एका लहानशा मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कोणी चोरवाट करून ठेवल्याचे उघडकीस आले. जगभरच्या असंख्य यंत्रांत ते सॉफ्टवेअर होते आणि त्याची देखभाल मुख्यतः एकच थकलेला मनुष्य विनावेतन करीत होता. मदतनीस म्हणून एकजण आला, दोनेक वर्षे गोड वागून त्याने विश्वास मिळवला आणि मग डाव साधला. यंत्राला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो वेळीच पकडला. संहिता खुली होती, म्हणून शोध घेता आला, हे खरे. परंतु सारा भार एकावर टाकून बाकीचे निश्चिंत राहिले, हेही तितकेच खरे. विहीर सर्वांची असते, पण गाळ काढावयाच्या दिवशी कोणीतरी उतरावे लागते. संस्था चालवणाऱ्यांना हे आम्ही का सांगावे?

म्हणून विश्वस्तांना आमची विनंती तीन गोष्टींची आहे. संगणककक्षात मुक्त प्रणाली असावी. ट्रस्टचे हिशेब, यादी व अहवाल युनिकोडमध्ये आणि खुल्या स्वरूपात ठेवावेत, म्हणजे शताब्दीला ते वाचता येतील. आणि यंत्रांवर जे पैसे वाचतील, त्यांतून दोन शिक्षकांचे प्रशिक्षण व्हावे. एकाचे नव्हे, दोघांचे.

पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी या संस्थेस देणग्या दिल्या, त्यांनी त्यांचा लाभ कोणाला मिळेल, हे विचारले नाही. त्यांच्या नातवंडांनी यंत्रापुढे बसून केवळ कळ दाबू नये. यंत्र उघडावे, समजून घ्यावे आणि आपल्या गल्लीतील मराठी, कानडी, उर्दू मुलांच्या उपयोगी पडेल असे काही त्यात स्वतः लिहून पुढच्याच्या हाती द्यावे. तेही दानच होय.