‘झेड कार्स’ आणि तिचे प्रेक्षक



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलू अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही कळवले, ‘विलायतेतली एक जुनी पोलिसी मालिका आणि तिचे प्रेक्षक.’ त्यांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि कामगारांच्या खोल्यांत. तेव्हा नाट्यकलेतला अधिकार आम्ही सांगत नाही. पण तीस वर्षे लोकांची गाऱ्हाणी ऐकत आलो आहोत, आणि प्रेक्षकांची मते म्हणजे तरी निम्मी गाऱ्हाणीच असतात.

मालिकेचे नाव ‘झेड कार्स’. बी.बी.सी.ने तिचा पहिला भाग २ जानेवारी १९६२ रोजी दाखवला. आमच्या मुलीने तो आम्हांला संगणकावर लावून दिला. लिव्हरपूलकडची बोली कानाला झेपेना, म्हणून तीन वेळा पाहिला.

त्याआधी विलायतेतल्या प्रेक्षकांच्या ओळखीचा पोलीस होता तो जॉर्ज डिक्सन. ‘डिक्सन ऑफ डॉक ग्रीन’ ही मालिका १९५५ साली सुरू झाली. हा डिक्सन खरे तर १९५० च्या ‘द ब्लू लॅम्प’ या चित्रपटात गोळी लागून मेलेला. पण लोकांना तो इतका आवडला, की त्याला मालिकेसाठी जिवंत करावे लागले! भाग सुरू झाला की डिक्सन प्रेक्षकांना रामराम करी आणि शेवटी दोन बोधाच्या गोष्टी सांगून निरोप घेई. असा पोलीस कोणाला नको असतो? आम्हांलाही हवा आहे. मोर्च्याच्या बंदोबस्तात मात्र तो आम्हांला अजून भेटलेला नाही.

‘झेड कार्स’चे लेखक ट्रॉय केनेडी मार्टिन. गालगुंड होऊन अंथरुणाला खिळले असताना ते रेडिओवर पोलिसांचे बिनतारी बोलणे ऐकत पडले. डिक्सनचे जग आणि कानावर पडणारे जग यांचा मेळ बसेना, म्हणून त्यांनी ही मालिका रचली. स्थळ घेतले लिव्हरपूलजवळचे. ‘न्यूटाउन’ हे मालिकेतले गाव उभे केले ते कर्कबीवरून. लिव्हरपूलच्या जुन्या गलिच्छ वस्त्यांतली माणसे उचलून जिथे नव्या घरांत नेऊन ठेवली, ते हे कर्कबी. १९५१ साली तिथे जेमतेम तीन हजार वस्ती होती, १९६१ साली ती पन्नास हजारांच्या वर गेली.

पहिल्या भागात काय आहे? एक शिपाई गोळी लागून मेला आहे. बार्लो आणि वॉट हे दोन अधिकारी गस्तीच्या मोटारींसाठी माणसे निवडत आहेत. एका शिपायाचे लक्ष घोड्यांच्या शर्यतीच्या निकालाकडे. वॉटला बायको सोडून गेलेली. आणि बॉब स्टील नावाच्या शिपायाच्या घरी त्याच्या बायकोचा डोळा काळानिळा. नवराबायकोच्या भांडणात भिरकावलेल्या जेवणाचा डाग भिंतीवर तसाच आहे. बस्स. कोणी भाषण करीत नाही, कोणी बोध सांगत नाही.

या एका डोळ्यावरून गहजब झाला. लँकेशायर पोलिसांनी लेखकांना मदत केली होती, आपल्या मोटारींतून हिंडवले होते. त्यांचे मुख्य अधिकारी लंडनला बी.बी.सी.च्या दारी गेले आणि मालिका बंद करा म्हणाले. शिपायांच्या संघटनेनेही, म्हणजे पोलीस फेडरेशननेही, नापसंती कळवली. इकडे प्रेक्षक मात्र वाढत चालले. काही आठवड्यांत त्यांची संख्या १ कोटी ४० लाखांच्या घरात गेली. १३ भागांपुरती आखलेली मालिका पुढे १९७८ पर्यंत चालली.

आता या निरनिराळ्या मतांकडे पाहू. गाऱ्हाणे समोर आले की आम्ही प्रथम एक विचारतो : तुमचे म्हणणे काय, हे खोटे आहे? की खरे आहे, पण बोलू नये? की खरे आहे, पण अपुरे आहे? ही तीन वेगळी गाऱ्हाणी आहेत, आणि माणसे ती एकमेकांत मिसळतात.

मुख्य अधिकाऱ्यांचे गाऱ्हाणे दुसऱ्या जातीचे. पोलिसाच्या घरात असे घडतच नाही, असे शपथेवर कोण म्हणणार? आक्षेप होता तो दाखवण्याला. यात खात्याची अब्रू जाते, हे त्यांचे दुखणे.

कर्कबीच्या लोकांचेही गाऱ्हाणे होते. आमचे गाव म्हणजे चोरांचा अड्डा असे देशभर झाले, असे ते म्हणत. हे गाऱ्हाणे तिसऱ्या जातीचे आहे, आणि आम्हांला ते रास्त वाटते. त्या गावात घरे आधी आली, बाकीच्या सोयी मागून रखडत आल्या. ज्याला राहायला नेऊन टाकले, त्याचीच चोरी दिसावी आणि नेऊन टाकणारा दिसू नये, याचा राग येणारच.

शिपायांचे काय? इथे थोडा इतिहास सांगितला पाहिजे. त्याच लिव्हरपूलमध्ये ऑगस्ट १९१९ मध्ये पोलिसांनी आपल्या युनियनसाठी संप केला. नऊशेहून अधिक शिपाई संपावर गेले, आणि ते सगळे कायमचे घरी गेले. त्या वर्षीच्या कायद्याने पोलिसांना युनियन मना केली आणि तिच्या जागी फेडरेशन दिले. आपल्या मुंबईतही ऑगस्ट १९८२ मध्ये पोलीस संघटनेची मान्यता काढून घेतली, आणि शिपाई रस्त्यावर आले. गिरणी संप चालू होता, आम्ही शाळकरी पोर होतो. ज्यांना संपकऱ्यांवर काठी उगारताना पाहिले तेच संपावर, हे त्या वयात उमगेना. गणवेशातही पगारावर जगणारा माणूस असतो, हे आम्ही तेव्हा शिकलो. ‘झेड कार्स’ने हीच गोष्ट कोट्यवधी लोकांना घरबसल्या दाखवली. शिपायाला खरे तर ती आपली बाजू वाटायला हवी होती. पण ज्याला आपले गाऱ्हाणे मांडायला मोकळे दार नाही, त्याला अब्रू हीच मिळकत वाटते, आणि तो वरिष्ठाचीच भाषा बोलू लागतो.

या वादाबद्दल आम्ही जे वाचले त्यात खात्याच्या अब्रूचा उच्चार पुष्कळ आहे. त्या बाईच्या डोळ्याचा मात्र कोणी उच्चार करीत नाही.

हे वाचताना आम्ही पुस्तक मिटले. कारण सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात टाळेबंदी चालू होती. आमचा एक खंदा कार्यकर्ता होता, गेटवर बोलायला उभा राहिला की शिट्टी वाजली तरी माणूस हलत नसे. एके संध्याकाळी त्याची बायको युनियनच्या कचेरीत आली. पदर डोळ्यावर ओढलेला. आम्हांला कळले. आम्ही तिला म्हणालो, “वहिनी, आत्ता लढा चालू आहे. बाहेर गेले तर मालक हसतील. थोडे दिवस सोसा.” ती “बरं, भाऊ” म्हणाली आणि निघून गेली. टाळेबंदी पाच महिन्यांनी उठली. आम्ही मात्र तिच्याकडे गेलो नाही. त्या अधिकाऱ्याला आम्ही काय नावे ठेवणार? आमच्या तोंडी त्याचेच वाक्य होते, फक्त खात्याच्या जागी चळवळ होती.

कोणी म्हणेल, असले दाखवून पोलिसांवरचा विश्वास उडतो. ट्रॉय यांचे धाकटे बंधू इयन यांनी पुढे ‘द स्वीनी’ ही मालिका निर्माण केली. ती १९७५ ते १९७८ चालली. लंडनच्या फ्लाइंग स्क्वाडचे तिच्यातले पोलीस दारू पितात, नियम मोडतात, हाणामारी करतात. पोलिसांना गुंड दाखवले, अशी ओरड झाली. पण १९७७ मध्ये त्याच पथकाचा खराखुरा माजी प्रमुख लाच घेतल्याबद्दल तुरुंगात गेला. अब्रू कोणी घालवली, मालिकेने की माणसाने? विश्वास झाकून राखता येत नाही. वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहिणारी युनियन टिकते, हिशेब कुलपात ठेवणारी फुटते, हा आमचा अनुभव आहे.

‘झेड कार्स’चे पुष्कळ भाग आज शिल्लक नाहीत. सुरुवातीला ती थेट प्रक्षेपित होत असे, आणि पुढच्या काळात फिती पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. ट्रॉय केनेडी मार्टिन १९६२ मध्येच तिच्यातून बाहेर पडले होते. गुन्हेगारानेही कधी जिंकावे, पोलिसानेही हरावे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७८ चा शेवटचा भाग लिहायला मात्र तेच परत आले.

त्या १ कोटी ४० लाखांत कितीतरी बायका असतील. काहींनी तो काळानिळा डोळा पाहून शेजारी खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले असेल. त्यांचे मत कोणी लिहून घेतले नाही. पण ‘हे खरे आहे’ असे मनात म्हणणारा प्रेक्षक हाच त्या खात्याचा, आणि आमच्या चळवळीचाही, खरा हितचिंतक होय, असे आम्हांला आता वाटते.

ती वहिनी आज कुठे आहे, आम्हांला ठाऊक नाही. ती या सभेत असेल असे नाही. तरी जाहीर सभेत चूक केली की जाहीर सभेतच कबूल करावी, असे आम्ही कार्यकर्त्यांना शिकवतो. आमची चूक तर बंद कचेरीत झाली होती. म्हणून ती आज इथे उघड्यावर आणली.