खैरलांजी, जिनिव्हा आणि एक शब्द



मी आंतरराष्ट्रीय कायदा आणि मानवी हक्क या विषयात एलएलएम करते, असं सांगितलं की आपल्या भंडाऱ्यात पहिला प्रश्न येतो, "म्हणजे परदेशात नोकरी का?" दुसरा, "पॅलेस्टाइन शिकवतात का?" शिकवतात. पण आज मी आपल्या मोहाडी तालुक्याबद्दल बोलणार आहे.

२९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना गावातल्याच जमावाने ठार मारलं. आई, मुलगी आणि दोन मुलगे. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने ६ जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी २५ वर्षांची कैद केली. शिक्षा झाली, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा दोन्हीकडे लागला नाही. खून सिद्ध झाले, जात मात्र निकालाबाहेर राहिली.

आता जिनिव्हा. वांशिक भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९६५ चा. भारताने १९६८ मध्ये त्याला मान्यता दिली. त्याच्या पहिल्याच कलमात वंश आणि रंगाच्या जोडीला 'डिसेंट' हा शब्द आहे, म्हणजे जन्माने चिकटलेलं कूळ. गंमत अशी की तो शब्द घालायची सूचना भारताचीच होती! २००२ मध्ये कराराच्या समितीने स्पष्ट केलं की यात जातही येते. २००७ मध्ये, खैरलांजीला वर्षही झालं नव्हतं तेव्हा, आपलं सरकार त्याच समितीपुढे म्हणालं की जात या करारात बसत नाही. जे भंडाऱ्यात, तेच जिनिव्हात. मला या विषयात गोडी लागली ती इथे.

हा दलितांचा प्रश्न, आपण कशाला वाचायचा, असं काहींना वाटेल. आपल्यातही खाटीक आहेत, पिंजारी आहेत, आणि निकाह ठरवताना बिरादरी विचारली जातेच. शिवाय शेजाऱ्याच्या खटल्यात गप्प बसायचं आणि आपल्यावर आलं की संविधान काढायचं, हे मला तरी पटत नाही.

तक्रार थेट संयुक्त राष्ट्रांकडे नेता येईल, असं अनेकांना वाटतं. या करारातली वैयक्तिक तक्रारीची तरतूद भारताने स्वीकारलेलीच नाही. करार वापरायचा तो इथल्या कोर्टात. १९९७ च्या विशाखा खटल्यात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेऊन नियम घालून दिले.

एलएलबीनंतर एलएलएम एका वर्षातही होतं. राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट द्यावी लागते, आणि असं एक विद्यापीठ नागपुरातच आहे. ज्यांना फॉर्म भरायचा आहे त्यांनी चहाच्या वेळी भेटा. खंडपीठाच्या निकालाची प्रत मी आणली आहे, आधी ती वाचू.